रात्री-पहाटे एकट्याने प्रवास : बस, मेट्रो, टॅक्सीत बसताना तुम्ही नक्की काय बघता?

ऋजुता (धागाकर्ती)
भाची नव्या शहरात नोकरीला लागते आहे. कामाच्या वेळा आलटूनपालटून. कधी पहाटे निघायचं, कधी रात्री उशिरा परतायचं. जाताना मेट्रो आणि बस, येताना बहुतेक टॅक्सी. घरात सध्या सल्ल्यांचा पाऊस पडतोय. सतत फोनवर बोलत राहा. फोन हातात धरू नकोस. ड्रायव्हरशी अक्षरही बोलू नकोस. ड्रायव्हरशी दोन शब्द बोल, म्हणजे त्याचा अंदाज येतो. पर्समध्ये मिरचीपूड ठेव. शेवटी पोरगी वैतागून म्हणाली, "मावशी, हे सगळं एकदम करायचं तर मी कामाला कधी जाऊ?"

तर भीती घालणारे व्हिडिओ कृपया नकोत, ते आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर भरपूर आहेत. रोज असा प्रवास करणाऱ्यांनी सांगा, खरोखर काय उपयोगी पडतं? आणि काय निव्वळ मनाचं समाधान?

खिडकीपाशी
लाइव्ह लोकेशन पाठवायचं. एवढं एक पुरे. बाकी नशीब.

शंकेखोर
@खिडकीपाशी, नाही हो पुरत. व्हॉट्सअ‍ॅपवर लाइव्ह लोकेशन पाठवताना तीन पर्याय येतात : १५ मिनिटं, १ तास, ८ तास. घाईत १५ मिनिटांवर बोट पडलं की अर्ध्या वाटेत ठिपका बंद. घरच्यांना वाटतं पोहोचली असेल. आणि ज्याला पाठवलं तो तेव्हा घोरत असेल तर? मग ते लोकेशन फक्त दुसऱ्या दिवशी चौकीत दाखवायच्या कामाचं.

माझं म्हणणं एवढंच की लोकेशन पाठवणं हे अर्धं काम. उरलेलं अर्धं पलीकडच्या माणसाचं आहे आणि त्याला ते कोणी सांगितलेलंच नसतं.

चांदणी
शंकेखोर यांना १०० टक्के अनुमोदन. मी रात्रपाळी करते आणि आमच्याकडे हे व्यवस्थित ठरलेलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

गाडीत बसण्याआधी मी नंबरप्लेटचा फोटो आणि 'अमुक वाजेपर्यंत पोहोचेन' एवढा एक मेसेज टाकते. बसल्यावर नाही, बसण्याआधी. तो मेसेज ग्रुपवर जात नाही, एकाच माणसाला जातो. ग्रुपवर टाकलं की प्रत्येकाला वाटतं दुसरा कोणीतरी बघत असेल. त्या रात्रीचा 'जागणारा' आधीच ठरलेला असतो, कधी नवरा, कधी धाकटी जाऊ. सांगितलेल्या वेळेच्या वर पंधरा मिनिटं झाली की त्याने फोन करायचा. उचलला नाही तर लगेच दुसऱ्यांदा. तरीही नाही, तर टॅक्सी कंपनीच्या सुरक्षा क्रमांकावर आणि मग सरळ पोलिसांना. 'उगाच कशाला तमाशा', 'रेंज नसेल' हे विचार त्याने करायचे नाहीत, तसं स्पष्ट बोलून ठेवलंय. एकदा खरंच फोनची बॅटरी संपली होती आणि मी घरी पोहोचले तेव्हा जाऊबाई पोलिसांशी बोलत होत्या. मी हसले नाही. व्यवस्था चालते हे कळलं.

दुसरं म्हणजे एक ठरलेलं वाक्य. ऐकणाऱ्याला साधं वाटेल असं. आमच्याकडे 'औषध घेतलंस का?' असा प्रश्न आहे. 'घेतलं' म्हणजे सगळं ठीक. 'आल्यावर घेते' म्हणजे काहीतरी गडबड आहे, मला मोकळं बोलता येत नाही. आमच्या घरात कोणाचंच औषध चालू नाही, हे वेगळं सांगायला नको.

शंकेखोर
@चांदणी, दंडवत. फक्त एक भर घालतो. गूगल मॅप्सवरून लोकेशन शेअर केलं तर पलीकडच्याला तुमच्या फोनची बॅटरी किती उरली तेही दिसतं. आणि ठिपका थांबला म्हणजे गाडीच थांबली असं नव्हे. शेवटचं लोकेशन किती वेळापूर्वीचं आहे ते खाली लिहिलेलं असतं, आधी ते वाचावं. बोगद्यात किंवा रेंज नसलेल्या भागात ठिपका गोठतो. जागणाऱ्याला हे माहीत नसेल तर तो उगीचच हादरतो, नाहीतर उलट, ठिपका जुना आहे हे न कळून निवांत बसतो.

स्टिअरिंगवाला
बरीच वर्षं टॅक्सी चालवतोय, त्यामुळे पुढच्या सीटवरून जे दिसतं ते सांगतो.

गाडी समोर येऊन थांबली की बहुतेक पॅसेंजर काचेतून डोकावून विचारतात, "अमुक नावाने बुकिंग आहे ना?" मी हो म्हटलं की बसले आत! अहो, हो तर कोणीही म्हणेल. नाव तुम्ही सांगू नका. "कोणाला न्यायला आलात?" असं विचारा आणि नाव माझ्या तोंडून येऊ द्या. खऱ्या ड्रायव्हरला याचा राग येत नाही. त्याच्याही आधी नंबरप्लेट पूर्ण वाचा. गाडीचा रंग आणि मॉडेल बघून बसणं म्हणजे काहीच न बघणं, एकाच रंगाच्या तशाच गाड्या रांगेने उभ्या असतात. काही अ‍ॅपमध्ये पिनची सोय असते. पिन जुळल्याशिवाय ट्रिप सुरूच होत नाही. बऱ्याच जणांच्या फोनमध्ये ती बंद पडलेली असते, सेटिंगमध्ये जाऊन चालू करा.

तिसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. "ट्रिप कॅन्सल करा, तेवढेच पैसे रोख द्या, मी सोडतो" असं म्हणणारा आमचा भाऊबंद भेटला तर नाही म्हणा. तो गुन्हेगार असतो असं मुळीच नाही, त्याला कमिशन वाचवायचं असतं. पण कॅन्सल केल्या क्षणापासून तुम्ही कोणत्या गाडीत, कुठल्या रस्त्यावर आहात याची कुठेच नोंद उरत नाही. काही झालं तर कंपनी म्हणणार, ही आमची ट्रिपच नव्हती. आणि त्यांचं म्हणणं कागदावर खरं असतं.

स्टेशन-विमानतळाच्या दाराशी येऊन "टॅक्सी? टॅक्सी?" करत बॅग उचलणाऱ्यांच्या मागे जाऊ नका, हेही यातच आलं. ज्याला रांगेत धंदा मिळतो तो आत येऊन ओढत नाही.

अनघा_२
नंबरप्लेटच्या मुद्द्यावर : २०१९ मध्ये अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायना राज्यात एक विद्यार्थिनी पहाटे आपली कॅब समजून भलत्याच गाडीत बसली आणि त्या गाडीवाल्याने तिचा खून केला. मागच्या दारांना चाइल्ड लॉक लावलेलं होतं, त्यामुळे तिला आतून दार उघडता येणं शक्यच नव्हतं. त्यानंतर तिकडे 'माझं नाव काय?' असं ड्रायव्हरला विचारायची मोहीमच सुरू झाली. स्टिअरिंगवाला म्हणतात तेच. भीती घालायला लिहीत नाहीये. पण कंटाळा येऊन नंबर न वाचता बसणाऱ्यांना एवढं एक उदाहरण पुरावं.

सदूकाका
हे चाइल्ड लॉक नक्की कुठे असतं? इतकी वर्षं गाडीत बसतोय, कधी बघितलं नाही. ड्रायव्हरकडे बटण असतं तेच का?

स्टिअरिंगवाला
नाही काका, त्या दोन वेगळ्या गोष्टी. ड्रायव्हरकडच्या बटणाने सगळी दारं लॉक होतात, पण बऱ्याच गाड्यांत ती आतल्या खटक्याने किंवा हँडलने उघडता येतात. चाइल्ड लॉक मागच्या दाराच्या कडेला असतं. दार उघडलं की जिथे कुलपाचा भाग दिसतो तिथेच एक छोटा खटका किंवा किल्लीने फिरवायची खाच असते, शेजारी बहुधा लहान मुलाचं चित्र. दार उघडं असतानाच दिसतं, म्हणून बसता बसता नजर टाकायची. काही नव्या गाड्यांत मात्र तेही ड्रायव्हरच्या बटणावर असतं, तिथे नुसतं बघून कळणार नाही.

ते लावलं की आतलं हँडल निकामी होतं, बाहेरचं चालतं. म्हणजे अडकलात तर काच खाली करून हात बाहेर काढून बाहेरून दार उघडता येतं, मात्र काचा ड्रायव्हरने लॉक केल्या नसतील तर. आणि लॉक दिसलं म्हणून लगेच आरडाओरडा करू नका. आधी कोणाचं लहान मूल बसलेलं असतं आणि आम्ही काढायला विसरतो. "भाऊ, हे काढता का?" म्हणा. काढेल. नाहीच काढलं तर बसायचं नाही.

खिडकीपाशी
बसायचं कुठे? मी ऐकलंय की ड्रायव्हरच्या बरोबर मागे, म्हणजे त्याचा हात पोहोचत नाही.

अनघा_२
मी तिरकी बसते. मागे, पण ड्रायव्हरच्या मागे नाही, दुसऱ्या बाजूला. तिथेही त्याचा हात सहज पोहोचत नाही. शिवाय त्याचे हात, त्याचा फोन, समोरचा रस्ता मला दिसतो. आणि तीच बाजू बहुधा फुटपाथची, म्हणजे उतरायचं झालं तर धावत्या वाहनांत उतरावं लागत नाही. ड्रायव्हरच्या मागे बसलं की त्याच्या सीटची पाठ बघत बसायचं आणि उतरायचं रहदारीत.

पिंपळपान
हे पटलं. मी आजवर उलटं करत होतो.

कॅज्युअल्टीतली
इतका वेळ वाचत होते, आता राहवत नाही. मी इस्पितळात अपघात विभागात काम करते. टॅक्सीतून आमच्याकडे येणारे पेशंट खलनायक ड्रायव्हरमुळे येत नाहीत. ते येतात कारण मागच्या सीटवर पट्टा लावलेला नसतो.

लोकांना वाटतं मागे बसलं की समोर सीटची गादी आहे, काय होतंय? साधा हिशोब बघा. ताशी ५० किमी वेगाची गाडी अचानक थांबली तर तुमचं शरीर त्याच वेगाने पुढे जातं. हा आघात सुमारे १० मीटर उंचीवरून, म्हणजे साधारण तिसऱ्या मजल्यावरून पडण्याइतका असतो. वर तुम्ही पुढच्या सीटवर आदळता ते तिथे बसलेल्याला घेऊनच. त्याने बिचाऱ्याने पट्टा लावलेला असतो. कमरेचा आणि खांद्याचा असा आजचा तीन ठिकाणी बांधणारा पट्टा व्होल्वोच्या निल्स बोहलिन यांनी १९५९ मध्ये आणला आणि कंपनीने त्याचं पेटंट बाकीच्यांनाही वापरू दिलं. साठ वर्षं उलटून गेली, तरी टॅक्सीत मागचा पट्टा सीटच्या फटीत कुठेतरी गाडलेला. "जवळच तर जायचंय" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की काय सांगू.

पट्टा सापडत नसेल तर ड्रायव्हरला काढून द्यायला सांगा. पट्टाच नसेल तर दुसरी गाडी. ऋजुताताई, भाचीला मिरचीपूड देताय ना, त्याआधी हे सांगा.

आणि हो, उतरताना दार उघडायला दारापासून लांबचा हात वापरा. दार डावीकडे असेल तर उजवा. अंग आपोआप वळतं, मान मागे जाते आणि मागून येणारा सायकलवाला दिसतो. याला 'डच रीच' म्हणतात. ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये २०२२ च्या जानेवारीपासून हा सल्ला लिहिलेला आहे.

निशाचर
बंद गाडीत मिरचीचा स्प्रे मारला तर आधी मारणाऱ्याचेच डोळे जातात. शिवाय काही देशांत तो बाळगणं बेकायदा आहे. त्यापेक्षा एक फुकटचा उपाय सांगतो. गाडी थांबवायचीच झाली तर "उलटी होतेय" म्हणायचं आणि तोंडावर हात. जगातला कुठलाही टॅक्सीवाला दोन सेकंदांत गाडी कडेला घेतो. सीट कोण धुणार?

स्टिअरिंगवाला
😀 शंभर टक्के खरं. पण उजेडाची, माणसांची जागा बघून म्हणा. पेट्रोल पंप, दुकानं, सिग्नल. सुनसान रस्त्यावर उलटी आली तर तुमचीच पंचाईत.

आणि रस्ता बदलला म्हणून लगेच घाबरू नका. आम्ही कोंडी टाळायला आत वळतो. तुमच्या फोनवर नकाशा आधीपासून चालू ठेवा आणि मोकळेपणाने विचारा, "इकडून का घेतलं?" नीट कारण देणारा आणि 'तुम्हाला काय करायचंय' म्हणणारा यातला फरक आवाजातच कळतो. कळला की पुढच्या सिग्नलला उतरा, भाड्याचं नंतर बघू. फक्त चालत्या गाडीतून उडी मारू नका, ते सिनेमातच बरं.

अर्धपोटी
सगळे अ‍ॅपच्या टॅक्सीबद्दलच बोलताय. परवाना असलेली, मीटरची टॅक्सी घ्या, प्रश्नच मिटला.

अनघा_२
@अर्धपोटी, मिटत नाही. लंडनच्या काळ्या टॅक्सीचा परवाना मिळवणं किती अवघड असतं ते प्रसिद्धच आहे. सगळे रस्ते तोंडपाठ करायला उमेदवारांची वर्षं जातात. तिथल्याच एका परवानाधारक ड्रायव्हरला २००९ मध्ये बायकांना गुंगीचं पेय देऊन अत्याचार केल्याबद्दल शिक्षा झाली. त्याची पद्धत अशी की मी जुगारात किंवा लॉटरीत मोठी रक्कम जिंकलोय, आनंद साजरा करतोय, एक घोट घ्या. आधी काही जणींनी तक्रार केली होती, पण पोलिसांनी ती धड तपासली नाही. पुढे २०१८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांनाही दोषी धरलं.

म्हणजे परवाना हवाच, पण परवाना हे चारित्र्याचं प्रमाणपत्र नव्हे. गाडीत दिलेलं काहीही खायचं-प्यायचं नाही, मग देणारा कितीही सभ्य असो. आणि तक्रार नोंदवताना तारीख, वेळ, गाडीचा नंबर लेखी द्यायचा. 'एक टॅक्सीवाला' अशी तक्रार वाऱ्यावर जाते.

वेळापत्रक
मेट्रो-रेल्वेच्या बाजूने लिहितो, याच क्षेत्रात आहे.

लोक चोराला घाबरतात, पण रुळांना घाबरत नाहीत. फोन खाली पडला म्हणून रुळांवर उतरणारे दरवर्षी कुठे ना कुठे मरतात. मेट्रोत बऱ्याच ठिकाणी रुळाशेजारच्या तिसऱ्या रुळातून ७५० व्होल्टच्या आसपास वीज वाहते. रेल्वेच्या वरच्या तारेत अनेक देशांत २५,००० व्होल्ट असतात. त्या तारेला हात लावावा लागत नाही, पुरेसं जवळ गेलं की ठिणगी उडी मारते. आणि भरधाव गाडीला ब्रेक मारल्यापासून थांबायला शेकडो मीटर लागतात. फोन पडला तर कर्मचाऱ्याला सांगा, त्यांच्याकडे काढायचा चिमटा असतो.

दुसरं, दारं. १८ फेब्रुवारी २००३ ला दक्षिण कोरियात देगूच्या मेट्रोत एका माणसाने गाडीत आग लावली. १९२ माणसं गेली. त्यातली बहुतेक त्या गाडीतली नव्हती! समोरच्या रुळावर दुसरी गाडी येऊन थांबली, आग तिलाही लागली आणि चालक मुख्य किल्ली काढून घेऊन बाहेर पडला. दारं बंदच राहिली. आपत्कालीन हँडलने दार हाताने कसं उघडायचं हे आतल्या बहुतेकांना माहीत नव्हतं.

ते हँडल प्रत्येक डब्यात असतं, दाराच्या वर किंवा शेजारी झाकणाखाली. रोज ज्या गाडीने जाता तिथली सूचना एकदा, फक्त एकदा, उभ्याउभ्या वाचून ठेवा. फोन बघण्यातली दोन मिनिटं. बसमध्येही खिडकी फोडायची हातोडी कुठे आहे ते बघा. मारताना काचेच्या मधोमध मारू नका, कोपऱ्याजवळ मारा. मध्ये काच लवते, कोपऱ्याला लवकर फुटते.

आता गाडी थांबवायची साखळी किंवा हँडल ओढावं की नाही? डब्यात कोणी त्रास देत असेल, कोणी बेशुद्ध पडलं असेल, तर शक्यतो पुढचं स्टेशन येऊ द्या. बोगद्यात गाडी थांबली की मदतही तुमच्यापर्यंत पोहोचत नाही. इंटरकॉमचं बटण असेल तर ते वापरा, चालक पुढच्या स्टेशनवर माणसं उभी करतो. कोणी दारात अडकून फरफटत असेल तर मात्र क्षणभरही थांबू नका.

खिडकीपाशी
फोनवरून आठवलं. दाराशी उभं राहून फोन बघणाऱ्याचा फोन दार बंद होता होता हिसकावतात. तो प्लॅटफॉर्मवर, आपण आत. धावणार कुठे?

मुक्ता_म
हे सगळं ठीक आहे. पण खरं सांगायचं तर भर दिवसा, खच्चून भरलेल्या बसमध्ये जे होतं त्याबद्दल कोणीच लिहिलं नाही. धक्का लागला की लावला, हे आपल्याला बरोबर कळतं. तरी आपण पहिली वेळ सोडून देतो. दुसऱ्यांदा खात्री करतो. तिसऱ्यांदा तो उतरून गेलेला असतो.

मी आता पहिल्याच वेळी मोठ्याने बोलते, आणि 'अहो जरा नीट उभे राहा' असं गुळमुळीत नाही. "निळा शर्ट, हात काढा." कपड्याचा रंग सांगितला की सगळ्या बसच्या माना त्याच्याकडे वळतात. 'कोण?' हा प्रश्नच राहत नाही.

सदूकाका
शाब्बास पोरी. पण माना वळतात तरी का हल्ली? लोक बघ्याची भूमिका घेतात.

शंकेखोर
काका, तुमच्यासारखंच पुष्कळांना वाटतं. ही समजूत १९६४ च्या न्यूयॉर्कमधल्या एका खुनाने घट्ट केली. ३८ जणांनी बघितलं आणि कोणी हललं नाही, अशी बातमी छापून आली होती. ते चित्र फुगवलेलं होतं, हे त्याच वर्तमानपत्राने फार उशिरा कबूल केलं. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अ‍ॅमस्टरडॅम, लँकेस्टर आणि केप टाउन इथल्या रस्त्यांवरच्या भांडणांची सीसीटीव्ही चित्रणं तपासली. २१९ घटनांपैकी दहातल्या नऊ घटनांत बघणाऱ्यांपैकी किमान एक जण मध्ये पडला होता.

म्हणजे माणसं हलतात. कोणीतरी सुरुवात करायची असते, किंवा एकाला बोट दाखवून 'तुम्ही' म्हणायचं असतं. 'कोणीतरी मदत करा' याला कोणीच उत्तर देत नाही. "चष्मेवाले काका, तुम्ही ड्रायव्हरला सांगा" याला देतात. सकाळी चांदणींनी ग्रुपवर मेसेज न टाकण्याचं कारण दिलं, तेच इथेही.

मुक्ता_म
आणि मध्ये पडणं म्हणजे मारामारी नव्हे. एकदा मेट्रोत एका मुलीला दोघे जण त्रास देत होते. एक आजी उठल्या आणि तिच्या शेजारी जाऊन बसल्या. "अगं, तू इथे होय! आई कशी आहे?" मुलीने त्यांना उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं. पण ती लगेच "बरी आहे" म्हणाली. दोघे पुढच्या स्टेशनला उतरले. त्या पोरांशी कोणी एक शब्दही बोललं नाही.

पांढरीकाठी
मला दिसत नाही, त्यामुळे नंबरप्लेट वाचा, चाइल्ड लॉक बघा हे सल्ले माझ्या कामाचे नाहीत. तरी टॅक्सी रोजची आहे. मी काय करतो ते लिहितो, दिसणाऱ्यांनाही अंधारात उपयोगी पडेल.

पिन नसलेल्या अ‍ॅपची गाडी मी घेत नाही. गाडी आली की ड्रायव्हरला फोन लावतो आणि त्याचा फोन त्याच गाडीत वाजतो का ते ऐकतो. मग नाव त्याच्या तोंडून. आत बसल्यावर दार लावण्याआधी आतल्या हँडलला हात घालून ठेवतो आणि काचेचं बटण एकदा दाबून बघतो. प्रवासात नकाशा कानात चालू असतो, पण एकाच कानात. दुसरा मोकळा. दोन्ही कानांत बोंडं घालून बसणारी डोळस माणसं बघून, म्हणजे त्यांच्याबद्दल ऐकून, मला नवल वाटतं.

एक विनंती. मदत करायची तर आधी विचारा. न बोलता दंडाला धरून रस्ता ओलांडून देणारे भले लोक आणि पाकीट मारणारे यांचा पहिला स्पर्श मला सारखाच लागतो.

सदूकाका
माझ्या वयाच्यांसाठी एकच. बस थांबेपर्यंत उठू नका. थांबा चुकला तर पुढचा आहे, खुबा मोडला तर तो परत पहिल्यासारखा होत नाही. ड्रायव्हर ओरडला तरी ओरडू द्या.

कॅज्युअल्टीतली
काकांचा प्रतिसाद वर चिकटवून ठेवा कोणीतरी.

निशाचर
रात्रीच्या बसबद्दल थोडं. वरचा मजला रिकामा असेल तर खालीच, ड्रायव्हरला आरशात दिसू अशा जागी. खिडकीची सीट घेतली की शेजारी कोणी बसलं तर आपण कोंडले जातो, म्हणून मी बाहेरच्या बाजूला बसतो. डबा रिकामा आणि एकच माणूस उगीच माझ्याच समोर येऊन बसला, तर पुढच्या स्टेशनला डबा बदलायचा. कारण द्यावं लागत नाही कोणाला.

खरा धोका मला बसमध्ये कधी वाटला नाही. वाटतो तो थांबा ते घर या टप्प्यात. कॅनडात टोरांटोमध्ये १९९१ पासून रात्रीच्या बसमध्ये बायकांना दोन थांब्यांच्या मध्ये, घराजवळ उतरवून द्यायची सोय आहे. २०११ पासून ती सगळ्यांनाच दिली. जिथे नियम नाही तिथेही ड्रायव्हरला आधी नम्रपणे विचारून बघा. पुष्कळदा थांबवतात. पुढच्या दाराने उतरायचं, म्हणजे तुमच्यामागोमाग कोण उतरतंय ते त्यालाही दिसतं.

ऋजुता (धागाकर्ती)
सगळ्यांचे मनापासून आभार. भाचीला धाग्याची लिंक पाठवली. तिने अख्खा वाचला आणि मला उलट विचारलं, "मग माझा जागणारा कोण?" आईवडील लवकर झोपतात, ते ती आधीच बाद करून मोकळी झाली होती. शेवटी मी आणि तिचा चुलतभाऊ, दोघांत वार वाटून घेतले. मंगळवार आणि शुक्रवार माझे. वाक्यही ठरलं, ते इथे अर्थातच लिहीत नाही. सीटच्या फटीतून पट्टा उपसून काढायचं तिने कबूल केलंय. मिरचीपूड घरीच राहिली.

एक शंका राहिली. फोनचं बटण पाच वेळा दाबून मदत मागायची सोय असते ना, ती आम्ही करून बघितली तर फोन केवढ्याने कोकलायला लागला! गाडीत असं झालं तर ड्रायव्हरला कळणारच की.

शंकेखोर
तो अँड्रॉइडचा उलटमोजणीचा भोंगा. चुकून दाबलं गेलं तर रद्द करता यावं म्हणून असतो. सेटिंगमध्ये 'सेफ्टी अँड इमर्जन्सी'त जाऊन 'इमर्जन्सी एसओएस' उघडा, तिथे भोंगा बंद करता येतो, उलटमोजणी नुसती पडद्यावर चालते. फोनच्या कंपनीप्रमाणे नावं थोडी इकडेतिकडे असतात. आयफोनवर बाजूचं बटण पाच वेळा दाबायचा पर्याय आधी चालू करावा लागतो, त्याचाही भोंगा तिथेच बंद होतो. कॉल कोणत्या नंबरवर जातो आणि मेसेज कोणाला जातो तेही त्याच पानावर दिसेल. त्या दिवशीच्या जागणाऱ्याचं नाव तिथे आहे ना ते बघा. दोघे असाल तर दोघांचीही टाका.

आणि भोंगा बंद केल्यावर खिशातल्या खिशात बटण दाबलं गेलं तर कळणार नाही, तेवढं तिला सांगून ठेवा. चुकून कॉल लागलाच तर घाबरून कापू नये. पलीकडच्याला 'चुकून लागला, मी ठीक आहे' असं सांगावं, नाहीतर ते शोधत बसतात.

ऋजुता (धागाकर्ती)
केलं. तिच्या फोनमध्ये भाऊ आणि मी, दोघेही. माझा फोन मंगळवारी-शुक्रवारी सायलेंटवर जाणार नाही, असं तिने स्वतःच माझ्या सेटिंगमध्ये जाऊन करून ठेवलंय.